कझान फेडरल युनिव्हर्सिटी: इतिहास खरा आहे, पण तो कोणत्या विभागाचा?

तुम्ही लातूरहून लिहिलं आहे. मुलगी नीटमध्ये पात्र ठरली, पण गुण सरकारी जागेपर्यंत पोचले नाहीत आणि खासगी कॉलेजची फी झेपणारी नाही. एका कन्सल्टन्सीने कझान फेडरल युनिव्हर्सिटी सुचवली. त्यांच्या माहितीपत्रकात १८०४ हे स्थापनेचं साल आहे, लेनिन आणि टॉलस्टॉय यांची नावं आहेत, खांबांच्या पांढऱ्या इमारतीचा फोटो आहे. तुमचा प्रश्न असा की विद्यापीठ एवढं जुनं आणि सरकारी आहे, म्हणजे तिथलं मेडिकलही चांगलंच असणार ना? शिवाय थोरला मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याच्यासाठी तिथे काही आहे का, असंही शेवटच्या ओळीत विचारलंय.

मी पुण्यात रशियन शिकवते आणि कागदपत्रांची भाषांतरं करते. माझ्या स्वतःच्या शिक्षणाचा काही काळ कझानला गेला. माझ्याकडे येणारे बरेच पालक नेमकं तुमचंच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. विद्यापीठ खरोखर मोठं आणि जुनं आहे का, हा पहिला. त्याचं उत्तर निःसंशय होय. मुलीला सहा वर्षांनी महाराष्ट्रात दवाखाना टाकता येईल का, हा दुसरा. त्याचा विद्यापीठाच्या वयाशी फारच थोडा संबंध आहे. माहितीपत्रक पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचं दिल्यासारखं भासवतं. आणि मला वाईट वाटतं ते याचं की कझानचा जो खरा मोठेपणा आहे तो यात कुठेच येत नाही. तो सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

झार अलेक्सांद्र पहिला याने नोव्हेंबर १८०४ मध्ये या विद्यापीठाच्या सनदेवर सही केली आणि १८०५ मध्ये वर्ग सुरू झाले. व्होल्गाकाठचं हे शहर तातार लोकांचं. आज ते रशियातल्या तातारस्तान या प्रजासत्ताकाची राजधानी आहे. त्या काळी हे विद्यापीठ रशियन साम्राज्याच्या पूर्वेकडचं शेवटचं मोठं विद्याकेंद्र होतं, त्यापलीकडे थेट उरल आणि सायबेरिया. तिथे पहिल्या काही वर्षांतच निकोलाय लोबाचेव्हस्की नावाचा मुलगा शिकायला आला, तिथेच प्राध्यापक झाला आणि १८२७ पासून १८४६ पर्यंत रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, राहिला. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे आपण शाळेत युक्लिडचं म्हणून शिकतो. ते गृहीत न धरताही एक सुसंगत भूमिती उभी राहते, हे लोबाचेव्हस्कीने फेब्रुवारी १८२६ मध्ये कझानमध्ये मांडलं आणि १८२९ पासून ते छापून आणलं. हयातीत त्याच्या या कामाची फारशी कदर झाली नाही. पण १८३० च्या कॉलऱ्याच्या साथीत विद्यापीठाचं आवार बंद करून त्याने आतल्या माणसांना कसं वाचवलं, ही गोष्ट कझानमध्ये अजून अभिमानाने सांगतात. विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय त्याच्याच नावाचं आहे.

केमिस्ट्रीची गोष्ट तुमच्या दोन्ही मुलांच्या जवळची आहे. बारावीच्या पुस्तकात मार्कोव्हनिकोव्हचा नियम आणि सेटझेफचा नियम येतो. नीटची तयारी करताना मुलीने दोन्ही पाठ केले असतील. हे दोघेही कझानचे. दोघेही अलेक्सांद्र बुतलेरोव यांचे विद्यार्थी, आणि बुतलेरोव म्हणजे सेंद्रिय रसायनांच्या रचनेचा सिद्धान्त १८६१ मध्ये मांडणारे गृहस्थ. त्यांच्याआधी निकोलाय झिनिन यांनी इथेच १८४२ मध्ये नायट्रोबेन्झीनपासून अ‍ॅनिलीन तयार केलं, त्यावर पुढे रंगांचा सगळा उद्योग उभा राहिला. कार्ल क्लाउस यांनी १८४४ मध्ये उरलच्या प्लॅटिनमच्या गाळातून नवं मूलद्रव्य वेगळं काढलं आणि रशियाच्या लॅटिन नावावरून त्याला रुथेनियम म्हटलं. रसायनशास्त्राच्या इमारतीत या परंपरेचं छोटं संग्रहालय आहे आणि बुतलेरोव शिकवत तो जुन्या बाकांचा वर्ग जपून ठेवलाय. केमिस्ट्री शिकलेल्या कुणीही तिथे एकदा उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. नंतरच्या काळात, १९४४ मध्ये, येव्गेनी झावोइस्की यांनी इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांनी ठरावीक लहरी शोषणं, ही घटना याच विद्यापीठात शोधली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तिची उपकरणं आहेत.

टॉलस्टॉय आणि लेनिन यांच्याबद्दलही खरं ते सांगते. टॉलस्टॉय १८४४ मध्ये तुर्की-अरबी शिकायला दाखल झाले, पुढच्या वर्षी कायद्याकडे वळले आणि १८४७ मध्ये पदवी न घेताच निघून गेले. लेनिन, म्हणजे तेव्हाचा व्लादिमीर उल्यानोव, १८८७ च्या ऑगस्टमध्ये कायद्याला आला आणि डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल त्याला काढून टाकलं. त्याचा तरुणपणीचा पुतळा मुख्य इमारतीसमोर आहे, आणि त्याभोवतीच्या गोल चौकाला विद्यार्थी ‘तवा’ म्हणतात. दोन्ही नावं खरी, पण दोघांनीही तिथून पदवी घेतली नाही.

आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागा माहितीपत्रकात नसतो. १८४० च्या दशकात कझानला पावेल पेत्रोव संस्कृत शिकवत होते. रशियातलं संस्कृतचं पहिलं अध्यासन ते. पुढे १८५० च्या दशकात पौर्वात्य भाषांचा सगळा विभागच पीटर्सबर्गला हलवला गेला. आणि त्याच्याही कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, अफानासी निकितिन नावाचा व्यापारी व्होल्गेतून कझानवरून खाली गेला आणि शेवटी आपल्या चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. कझान विद्यापीठात वैद्यकशाखा १८१४ पासून होती. मोठी नावं तिथे शिकवून गेली. मेंदूविज्ञानातले व्लादिमीर बेख्तेरेव १८८५ ते १८९३ तिथे होते. पण १९३० च्या सुमारास सोव्हिएत सरकारने देशभरच्या जुन्या विद्यापीठांतून व्यावसायिक शाखा तोडून त्यांच्या स्वतंत्र संस्था केल्या. उद्योगीकरणाची घाई होती, आणि प्रत्येक खात्याला आपापले डॉक्टर, आपापले इंजिनिअर हवे होते. कझान विद्यापीठातून रसायन-तंत्रज्ञानाची संस्था निघाली, विमानविद्येची निघाली, आणि १९३० मध्ये वैद्यकीय संस्था निघाली. ती वैद्यकीय संस्था आज कझान स्टेट मेडिकल युनिव्हर्सिटी म्हणून त्याच शहरात वेगळी उभी आहे. जुनी वैद्यकशाखा, तिचे विभाग, तिची परंपरा तिच्याकडे गेली.

म्हणजे १९३० नंतर पुढची जवळपास ८० वर्षं कझान विद्यापीठात डॉक्टर तयार होत नव्हते. वैद्यकीय शिक्षण तिथे पुन्हा सुरू झालं ते फेडरल विद्यापीठ झाल्यावर, फंडामेंटल मेडिसिन अँड बायॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये. विद्यापीठाचं स्वतःचं रुग्णालयही त्यानंतरचं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. इमारती आणि उपकरणं नवी आहेत, संशोधनाला पैसा आहे. पण १८०४ सालाचा आधार या एमबीबीएसला लावणं बरोबर नाही. आणि त्याच शहरातल्या दोन वेगळ्या विद्यापीठांची नावं एजंट सर्रास एकमेकांत मिसळतात. तुमच्या हातात प्रवेशाचं पत्र आलं की रशियन नाव वाचा किंवा कुणाकडून तरी वाचून घ्या. ‘फेदेराल्नी उनिव्हेर्सितेत’ असेल तर एक संस्था, ‘मेदित्सिन्स्की उनिव्हेर्सितेत’ असेल तर दुसरी. माहितीपत्रक एकीचं आणि पत्र दुसरीचं, असं मी पाहिलेलं आहे.

फेडरल हे प्रकरणही समजून घ्या, कारण ‘सरकारी’ या शब्दावर तुमचा भर आहे. रशियातली बहुतेक मोठी विद्यापीठं सरकारीच आहेत. फेडरल विद्यापीठ हा त्यातला एक वेगळा दर्जा. २००६ पासून रशियाने निरनिराळ्या प्रदेशांत तिथल्या-तिथल्या संस्था एकत्र करून मोठी प्रादेशिक विद्यापीठं उभी करायला घेतली. रोस्तोवचं सदर्न आणि क्रास्नोयार्स्कचं सायबेरियन ही पहिली दोन. आज अशी दहा आहेत. व्लादिवोस्तोक, येकातेरिनबुर्ग, याकुत्स्क, अर्खांगेल्स्क, कालिनिनग्राद ही त्यातली काही. कझानला ऑक्टोबर २००९ मधल्या अध्यक्षांच्या आदेशाने हा दर्जा मिळाला आणि २०११ मध्ये शहरातलं तातार मानव्य व अध्यापन विद्यापीठ, वित्त-अर्थशास्त्र संस्था आणि येलाबुगाची अध्यापन संस्था त्यात विलीन झाली. म्हणजे १९३० मध्ये फोडलं आणि २०११ मध्ये जोडलं, पण जोडताना मेडिकल युनिव्हर्सिटी बाहेरच राहिली. आज या विद्यापीठात चाळीस हजारांच्या पुढे विद्यार्थी आहेत. येलाबुगा आणि नाबेरेझ्नये चेल्नी या गावांत शाखा आहेत, त्या कझानपासून काही तासांच्या अंतरावर. प्रवेशपत्रावर शाखेचं नाव नाही ना, हेही बघायचं.

मुलीच्या बाबतीत पुढचा सगळा निर्णय रशियात होत नाही, दिल्लीत होतो. नॅशनल मेडिकल कमिशनने (एनएमसी) नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियम काढले. त्यातलं तुमच्या कामाचं असं: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याशिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, माध्यम इंग्रजी हवं, सगळं शिक्षण एकाच संस्थेत पूर्ण व्हायला हवं, आणि ती पदवी घेतल्यावर त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीने डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. मग भारतात येऊन परीक्षा. सध्या ती एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा, आहे: वर्षातून दोनदा, ३०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला १५० लागतात. पुढे तिच्या जागी नेक्स्ट (नॅशनल एक्झिट टेस्ट) येणार आहे. त्यानंतर भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि तिच्या जागांसाठी रांग असते.

‘एनएमसी अप्रूव्ह्ड’ असं माहितीपत्रकावर छापलं असेल तर त्यावर विसंबू नका. कमिशन परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढत नाही. अट पूर्ण झाली की नाही, हे प्रत्येक पदवीधराच्या कागदांवरून ठरतं. म्हणून विद्यापीठाकडून लेखी घ्यायच्या गोष्टी दोन. इंग्रजी माध्यम शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप नेमकी कुठे, कशी आणि कोणत्या कागदावर नोंदवली जाते. रशियाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम ५४ महिन्यांची अट सहज ओलांडतो. अडचण येते ती इंटर्नशिपची नोंद आणि परवान्याची पात्रता सिद्ध करताना. रशियात पदवीनंतर डॉक्टरला ‘प्राथमिक अक्रेडिटेशन’ नावाची परीक्षा द्यावी लागते. त्यात लेखी चाचणी, कृत्रिम परिस्थितीतली प्रात्यक्षिकं आणि रुग्णांच्या केसवरचे प्रश्न असतात, आणि ते रशियनमध्ये होतं. इंग्रजीत सहा वर्षं शिकलेल्या मुलीला शेवटी रशियन लागणारच.

इथे माझा अनुभव आणि माझं मत एकत्र सांगते. ‘रशियन येण्याची गरज नाही’ असं सांगणारा माणूस एकतर वॉर्डात गेलेला नाही, किंवा तुमच्या मुलीने वॉर्डात काही शिकावं अशी त्याची इच्छा नाही. तिसऱ्या वर्षापासून समोर रुग्ण येतो. कझानमधली आजी रशियन किंवा तातार बोलते. पोटात टोचतंय म्हणायला ती ‘कोलेत’ म्हणेल, ठणकतंय म्हणायला ‘नोयेत’, जळजळतंय म्हणायला ‘झ्झोत’, छातीवर दाब आलाय म्हणायला ‘दाव्हित’. आजार ओळखण्यात याच फरकाला महत्त्व असतं. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा व्याकरणाच्या आधी हे शब्द आणि ‘श्तो वास बेस्पकोइत’, म्हणजे काय त्रास होतोय, हा प्रश्न तोंडात बसवते. ज्या मुली जाण्याआधी सहा-आठ महिने भाषा करतात त्या वॉर्डात पुढे उभ्या असतात. बाकीच्या भिंतीला टेकून मोबाइल बघतात, आणि त्यांचा खरा तोटा सहा वर्षांनी एफएमजीईला दिसतो. त्या परीक्षेत नापास होणाऱ्यांचं प्रमाण पास होणाऱ्यांपेक्षा वर्षानुवर्षं कितीतरी जास्त राहिलंय.

तिथली शिकवण्याची रीतही सांगून ठेवते, कारण आपली मुलं तिथे गेल्यावर गोंधळतात. वर्ग १ सप्टेंबरला सुरू होतात. व्हिसाच्या उशिरामुळे आपली मुलं नोव्हेंबरमध्ये पोचली तर अ‍ॅनाटॉमीचा बराच भाग निघून गेलेला असतो. बुडालेला प्रत्येक प्रात्यक्षिकाचा तास नंतर शिक्षकांकडे जाऊन भरून द्यावा लागतो, त्याला ‘अत्राबोत्का’ म्हणतात. ते साचले की सत्राच्या परीक्षेला बसायलाच मिळत नाही. परीक्षा पुष्कळदा तोंडी असते. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या असतात, एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नांची थोडा वेळ तयारी करायची आणि प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. गुण दोन ते पाच. दोन म्हणजे नापास. पेपर लिहून शंभरपैकी गुण मिळवायची सवय असलेल्या मुलांना पहिला हिवाळा जड जातो.

मग मुलीला पाठवावं का? हे तुमच्यावर अवलंबून आहे, आणि मी उगाच हो किंवा नाही म्हणणार नाही. नीटचे गुण सरकारी जागेच्या किती जवळ होते, हे पहिलं. थोडक्यात हुकलं असेल आणि मुलीची मानसिक तयारी असेल, तर आणखी एक वर्ष लातुरात देणं मला रशियापेक्षा शहाणपणाचं वाटतं. दुसरं, तिला डॉक्टरच व्हायचंय की घरच्यांना तसं हवंय. तिसरं, सहा वर्षं, मग परीक्षा, मग इंटर्नशिप, असा सात-आठ वर्षांचा खर्च कर्ज न चढवता निघेल का. चौथं, ती नवी भाषा शिकायला राजी आहे का. चारही उत्तरं बरी असतील तरच पुढे जा, आणि जाताना कझानमधली दोन्ही विद्यापीठं शेजारी ठेवून तुलना करा. वैद्यकीय परंपरा आणि शहरातल्या रुग्णालयांशी असलेले जुने संबंध मेडिकल युनिव्हर्सिटीकडे आहेत. फेडरलकडे नवी सोय आणि विज्ञानाचे मोठे विभाग आहेत. मला निवड करायची असती तर वैद्यकशास्त्रासाठी मी पहिली चौकशी मेडिकल युनिव्हर्सिटीकडे केली असती.

मुलाचं मात्र मी वेगळं आणि जरा उत्साहाने लिहिते. तुम्ही त्याला शेवटच्या ओळीत ठेवलंत, पण कझान फेडरल विद्यापीठ खरं त्याच्यासाठी आहे. त्याच्या विषयाची तिथली संस्थाच बुतलेरोवच्या नावाची आहे. रशियात बॅचलर चार वर्षांचं, मॅजिस्ट्रेचर म्हणजे मास्टर्स दोन वर्षांचं, आणि त्यापुढे पीएच.डी.सारखी अस्पिरान्तुरा. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर मास्टर्सला प्रवेश मिळतो की नाही, हे तुमच्या पदवीच्या रशियातल्या मान्यतेवर ठरतं, म्हणून अर्जाआधीच विद्यापीठाला गुणपत्रिका पाठवून विचारा. चार वर्षांची पदवी केलेल्यांना हा प्रश्न कमी येतो. केमिस्ट्रीखेरीज भूविज्ञान आणि पेट्रोलियम तंत्रज्ञानाची संस्थाही बघा. तातारस्तान तेलाचा प्रदेश आहे. १९४८ मध्ये सापडलेलं रोमाश्किनो हे तेलक्षेत्र जगातल्या मोठ्यांपैकी एक. जुन्या, थकलेल्या विहिरीतून आणखी तेल कसं काढायचं हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय आहे आणि त्यात रसायनशास्त्र शिकलेली माणसं लागतात. काही मास्टर्स अभ्यासक्रम इंग्रजीतही चालतात. संगणक आणि आयटीच्या संस्था आहेत, पौर्वात्य भाषांचा विभाग पुन्हा उभा राहिलाय, खगोलशास्त्र आहे. विद्यापीठाच्या वेधशाळांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. पण आयटीसाठीच जायचं असेल तर पुणं सोडून कझानला जायचं काही खास कारण मला दिसत नाही.

मुलासाठी दुसरी मोठी गोष्ट शिष्यवृत्तीची. रशियन सरकार परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ठरावीक जागा ठेवते. त्यात फी माफ, वसतिगृह तिथल्या विद्यार्थ्यांच्या दराने, आणि महिन्याला छोटीशी रक्कम मिळते. विमान, विमा आणि जेवण आपलं. त्या महिन्याच्या रकमेत भागत नाही, घरून पैसे लागतात. रशियनमध्ये शिकायचं असेल तर आधी एक वर्ष तयारी विभागात भाषा शिकवतात, तेही याच शिष्यवृत्तीत बसतं. अर्ज ऑनलाइन असतो, पुढच्या सप्टेंबरसाठी आदल्या हिवाळ्यात भरायचा, आणि भारतातली निवड रशियन हाउस या रशियन सरकारच्या सांस्कृतिक केंद्रामार्फत होते. आपल्याकडे ते मुंबईत पेडर रोडला आहे. तिथे जाऊन विचारायला पैसे लागत नाहीत, एजंटही लागत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकता येतं, हेही मुलाला सांगा.

इथवरचं एकत्र करायचं तर: विद्यापीठ खरं आणि मोठं, त्याचं नाव गणित, रसायन, भौतिकी, भूविज्ञान यांत. तिथलं वैद्यक नवं. मुलीचा निर्णय कमिशनच्या अटींवर आणि तिच्या भाषेच्या तयारीवर, मुलाचा शिष्यवृत्तीच्या वेळापत्रकावर.

राहिल्या काळजीच्या गोष्टी. मार्च २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. फी विद्यापीठाच्या खात्यात कशी पोचणार आणि महिन्याचे पैसे कसे जाणार, हे बँकेत बसून आधी ठरवा. फी एजंटच्या खात्यात देऊ नका. विद्यापीठाशी होणारा करार रुबलमध्ये असतो, त्याची प्रत आणि भाषांतर हातात घ्या. एजंटच्या डॉलरमधल्या ‘पॅकेज’मध्ये आणि करारातल्या आकड्यात फरक असेल तर तो कशाचा, हे विचारा.

युद्धाचंही झाकून ठेवत नाही. कझान सीमेपासून लांब आहे, पण २१ डिसेंबर २०२४ ला तिथल्या उंच निवासी इमारतींवर ड्रोन आदळले. विद्यापीठ चालू आहे, आपली मुलं शिकत आहेत, रोजचं जगणं शांत आहे, तरीही धोका शून्य नाही. त्याहून गंभीर म्हणजे काही भारतीयांना नोकरीच्या आमिषाने रशियन सैन्यात भरती केलं गेलं, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल जाहीर इशारे दिले. मुलांना बजावून सांगा: पार्ट-टाइम काम, नागरिकत्व, जास्त पगार, कशाच्याही नावाखाली आलेल्या रशियन कागदावर न समजता सही करायची नाही. पोचल्यावर दूतावासाकडे नावनोंदणी करायची.

थंडी सोसते. जानेवारीत उणे दहा-वीस नेहमीचं, कधी त्याखाली, पण खोल्या चांगल्या तापवलेल्या असतात. २०१३ च्या जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली क्रीडानगरी आता विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असतं. डाळ, तांदूळ, कणीक शहरात मिळते. शाकाहारी मुलीला अडत नाही, पण स्वतः रांधायला यायला हवं.

कागदांची सुरुवात आजच करा, कारण त्यालाच सगळ्यात वेळ लागतो. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं आधी राज्य पातळीवर प्रमाणित, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का), मग रशियन भाषांतर आणि नोटरी. पासपोर्टवरच्या आणि गुणपत्रिकेवरच्या नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे, कधी शेवटी येतं, आणि रशियन भाषांतरात एका अक्षराचा फरक झाला तरी तो सहा वर्षांनी पदवीवर उतरतो. मुलाच्या पदवीला भारतात परतल्यावर समकक्षतेचं प्रमाणपत्र लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी २०२५ मध्ये नवे नियम केलेत, ते त्याने आत्ताच वाचून ठेवावेत.

तुमच्याकडे एजंटने दिलेलं रशियन पत्र असेल तर त्यातला विद्यापीठाच्या नावाचा, शाखेच्या गावाचा आणि माध्यमाचा भाग मला पाठवा, बाकी खासगी तपशील झाकून. ते काय म्हणतंय ते मी मराठीत लिहून देईन.